'काल गेलो होतो' इंग्रजीत कसं सांगायचं? साध्या भूतकाळाचे खरे उपयोग

प्रश्न विचारणारा तरुण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेला आहे. सध्या तो किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करतो. पाळी संपताना पुढच्या सहकाऱ्यासाठी वहीत नोंद लिहावी लागते. त्याची एक नोंद अशी होती: 'द गेस्ट हॅड कम टू द रिसेप्शन ॲट टेन. ही हॅड टोल्ड दॅट द एसी इज नॉट वर्किंग. आय हॅड कॉल्ड द इलेक्ट्रिशियन.' वरिष्ठांनी तिन्ही 'हॅड' लाल शाईने खोडले, कारण मात्र सांगितलं नाही. त्याच आठवड्यात एका इंग्रज पाहुण्याची ईमेल आली: 'आय वॉन्टेड टू आस्क इफ यू हॅड अ रूम फॉर नेक्स्ट वीक.' खोली पुढच्या आठवड्यासाठी हवी, विचारणं आजचं, आणि क्रियापदं दोन्ही भूतकाळातली. तो विचारतो, 'होऊन गेलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं दुसरं रूप वापरायचं, असं शाळेत शिकवलं होतं. मग माझं चुकलं कुठे आणि पाहुण्याचं बरोबर कसं?'

तुम्ही एकाच प्रश्नात या काळाची दोन्ही टोकं पकडली आहेत. शाळेतली व्याख्या खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. मी इतकी वर्षं गोव्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कामावर इंग्रजी अशा तीन भाषा वागवणारी ही हुशार मुलं बहुतेक वेळा एकाच जागी अडखळतात. त्यांना रूपं येतात. 'गो'चं 'वेंट' आणि 'ईट'चं 'एट' झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. ते रूप काय काम करतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मराठीतला 'ला' प्रत्ययाचा भूतकाळ, म्हणजे आला, केला, झाला, मुख्यतः एवढंच सांगतो की क्रिया पुरी झाली. ती आजच्या क्षणाला चिकटलेली आहे की सुटलेली, याची त्याला फिकीर नसते. इंग्रजीच्या साध्या भूतकाळाचं सगळं लक्ष नेमकं त्यावरच असतं. मांडवीकाठी रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून पलीकडच्या चोडण बेटाकडे बोट दाखवावं, तसं तो सांगतो की ही गोष्ट त्या तीरावरची आहे, मी उभा आहे त्या तीरावरची नव्हे. मधलं अंतर बहुतेक वेळा काळाचं असतं. कधी ते वास्तव आणि कल्पना यांच्यातलं असतं, तर कधी दोन माणसांतल्या अदबीचं. रूप तिन्हीकडे तेच, अंतराची जात तेवढी बदलते.

आता तुमचे खोडलेले 'हॅड'. तुम्ही मनात मराठीत विचार केला असणार: पाहुणे आले होते, त्यांनी सांगितलं होतं, मी फोन केला होता. आपल्याकडे 'मी काल म्हापशाला गेलो होतो' असंच म्हणतात. नुसतं 'काल म्हापशाला गेलो' म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, 'बरं, मग?' म्हणून विचारतो. 'होतो' जोडलं की गेलो, काम केलं, परत आलो, विषय मिटला, असा अर्थ निघतो. कोकणीतलं 'हांव काल म्हापशां गेल्लों' हेही तेच करतं. इंग्रजीत हे मिटलेपण साध्या भूतकाळाच्या पोटातच असतं. 'आय वेंट टू म्हापसा येस्टरडे' एवढं पुरे, त्याला 'हॅड'ची जोड लागत नाही.

'हॅड गॉन' येतं ते भूतकाळातल्या एका क्षणावर उभं राहून त्याच्याही मागे बघायचं असेल तेव्हा. दोन घटना हव्यात आणि त्यातली आधीची उठून दिसायला हवी. 'आय कॉल्ड द इलेक्ट्रिशियन, बट ही हॅड ऑलरेडी गॉन होम.' मी फोन केला त्याच्या आधीच तो घरी गेला होता, म्हणून इथे 'हॅड' हक्काचा. गोव्याच्या इतिहासातलं उदाहरण घ्यायचं तर मांडवीवरचा जुना पूल जुलै 1986 मध्ये कोसळला आणि गोव्याला घटक राज्याचा दर्जा 30 मे 1987 रोजी मिळाला. नुसतं पुलाबद्दल सांगायचं असेल तर 'द ब्रिज कोलॅप्स्ड इन जुलै 1986.' घटक राज्य झालं त्या दिवसावरून मागे पाहायचं असेल तर 'व्हेन गोवा बिकेम अ स्टेट, द ब्रिज हॅड ऑलरेडी कोलॅप्स्ड.' एकटी घटना, मग ती शंभर वर्षांपूर्वीची का असेना, 'हॅड' मागत नाही. किती जुनं आहे यावर 'हॅड' ठरतो, हा आपल्याकडचा फार पसरलेला गैरसमज आहे, आणि सरकारी अर्जांपासून वर्तमानपत्रांना लिहिलेल्या पत्रांपर्यंत तो सगळीकडे दिसतो.

तुमची नोंद अशी व्हायला हवी: 'द गेस्ट केम टू द रिसेप्शन ॲट टेन. ही सेड द एसी वॉज नॉट वर्किंग. आय कॉल्ड द इलेक्ट्रिशियन.' आला, म्हणाला, फोन केला. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने लिहिल्या की क्रम दाखवायला वेगळ्या रूपाची गरज राहत नाही, कारण ओळीने आलेले साधे भूतकाळच गोष्ट पुढे नेतात. जाता जाता आणखी एक, 'टोल्ड'नंतर कोणाला सांगितलं ते यावं लागतं, जसं 'टोल्ड मी'. तसं नको असेल तर 'सेड' वापरा.

यापेक्षा नाजूक जागा म्हणजे साधा भूतकाळ आणि 'हॅव' लावून होणारा पूर्ण वर्तमानकाळ यांच्यातली निवड. पाहुणा काउंटरवर येऊन म्हणतो, 'आय हॅव लॉस्ट माय की.' किल्ली हरवली आहे, अजून सापडलेली नाही, काहीतरी करा. तोच पाहुणा जेवताना गप्पा मारत म्हणतो, 'आय लॉस्ट माय की ऑन द बीच.' ही हकीकत झाली. किल्ली नंतर मिळालीही असेल, वाक्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्यात परिणाम या तीरावर आहे, दुसऱ्यात सगळंच पैलतीरावर.

मराठीतलं 'आहे' इथे बऱ्यापैकी वाट दाखवतं, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. आपण सहज म्हणतो, 'मी कालच आलोय.' त्याचं 'आय हॅव कम येस्टरडे' केलं की इंग्रजीत ते मोडतं. 'येस्टरडे', 'लास्ट संडे', 'टू डेज अगो', 'इन 1987', 'व्हेन आय वॉज इन स्कूल' यांपैकी काहीही आलं की वेळ ठरली, ती गोष्ट पलीकडे गेली, आणि 'हॅव'ला जागा उरली नाही. 'व्हेन' लावून विचारलेला प्रश्नही असाच. 'व्हेन हॅव यू अराइव्ह्ड?' नव्हे, 'व्हेन डिड यू अराइव्ह?' वेळ उच्चारलेली नसली तरी दोघांना माहीत असली की पुरे. नुकत्याच आलेल्या पाहुण्याला 'हाउ वॉज युअर फ्लाइट?' विचारताना वेळ कुठेही नाही, पण विमान उतरलं, प्रवास संपला, हे दोघेही जाणतात.

बातमी सांगण्याची इंग्रजी रीत पाहिली की हा सांधा स्पष्ट दिसतो. 'देअर हॅज बीन ॲन ॲक्सिडेंट ॲट पर्वरी. अ ट्रक हिट अ स्कूटर.' अपघात झाला आहे, ही ताजी खबर, म्हणून 'हॅज'. तपशिलात शिरताच साधा भूतकाळ सुरू होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. आपल्या मुलांच्या उत्तरात 'हॅज' एकदा आला की पुढच्या दहाही वाक्यांत येत राहतो, तेव्हा ही रीत लक्षात ठेवा.

तुमच्या कामात एक गुंता होईल. अमेरिकन पाहुणा 'आय ऑलरेडी एट' किंवा 'डिड यू ईट येट?' म्हणेल, ब्रिटिश पाहुणा तिथे 'आय हॅव ऑलरेडी ईटन' आणि 'हॅव यू ईटन येट?' म्हणेल. दोन्ही आपापल्या जागी शुद्ध आहेत. शाळेतलं आपलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, म्हणून लिहिताना दुसरी पद्धत धरा. अमेरिकन माणसाला मात्र चूक समजू नका.

आता उलट बाजूची अडचण, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मराठीत आपण भूतकाळाचं रूप वापरतो, पण अर्थ आत्ताचा असतो, अशी वाक्यं ढीगभर आहेत. 'मला भूक लागली' म्हणजे आत्ता लागली आहे, 'आय ॲम हंग्री'. 'समजलं' म्हणजे 'आय अंडरस्टँड'. 'उशीर झाला' म्हणजे 'इट इज लेट'. पाहुणा पाण्याची बाटली मागतो आणि आतून आवाज येतो, 'आणली!' माणूस अजून जागचा हललेलाही नसतो. 'आलो, आलो' याचं इंग्रजी 'आय केम, आय केम' होऊच शकत नाही. तिथे 'कमिंग!' म्हणायचं. आपल्या भाषेत पुरी झालेली क्रिया सांगून तत्परता दाखवता येते, इंग्रजी भूतकाळ ते ओझं उचलत नाही.

यातलं सगळ्यात फसवं क्रियापद 'आवडलं'. नवं घर बघायला गेलो आणि म्हटलं, 'मला घर आवडलं', तर आवड आत्ताची आहे. 'आय लाइक्ड द हाउस' म्हटलं तर इंग्रज माणूस समजेल की तुम्ही घर पाहून परतलात, आणि कदाचित पुढे एखादा 'बट' येणार आहे. घरात उभे असाल तर 'आय लाइक द हाउस'. उलट, पाहुणा जेवण संपवून उठला आणि तुम्ही विचारलंत, 'डू यू लाइक द फिश करी?' तर तो गोंधळेल. गोव्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, आवडतं का, असा सर्वसाधारण प्रश्न झाला तो. ताट उचललं गेलं आहे, तर 'डिड यू लाइक द फिश करी?' हेच बरोबर.

स्थितीबद्दल बोलतानाही अंतर मोजावं लागतं. 'माय ग्रँडफादर लिव्ड इन सांगे फॉर फॉर्टी इयर्स' आणि 'माय ग्रँडफादर हॅज लिव्ड इन सांगे फॉर फॉर्टी इयर्स' ही दोन्ही व्याकरणाने शुद्ध वाक्यं आहेत, पण पहिल्यात आजोबा सांगे सोडून गेले आहेत किंवा हयात नाहीत, दुसऱ्यात ते आजही तिथेच आहेत. मराठीत आपण 'राहिले' आणि 'राहत आहेत' असा फरक करतोच, पण इंग्रजीत लिहिताना चाळीस वर्षांचा मोठा आकडा दिसला की हात 'हॅज'कडे जातो. कालावधी किती लांब आहे याला महत्त्व नाही. तो संपला आहे का, एवढंच विचारा. पोर्तुगीजांची राजवट 1510 ते 1961 अशी साडेचारशे वर्षांहून जास्त काळ चालली, तरी 'द पोर्तुगीज रूल्ड गोवा', कारण 19 डिसेंबर 1961 रोजी ती संपली. उलट 'गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987', कारण ते आजही आहे. आणि त्याच घटनेचा क्षण सांगायचा तर 'गोवा बिकेम अ स्टेट इन 1987.'

कुर्डी गावाचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी उपयोगी पडतं. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेलं, दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि मे महिन्यात जुने गावकरी तिथे जमतात. हे इंग्रजीत सांगायचं तर 'पीपल लिव्ड इन कुर्डी', कारण वस्ती संपली. 'मोगूबाई कुर्डीकर केम फ्रॉम कुर्डी', कारण या थोर शास्त्रीय गायिका आता नाहीत. पण 'द व्हिलेजर्स मीट देअर एव्हरी मे', कारण हे अजून चालू आहे. तीन वाक्यं, एकच जागा, आणि कुठलं संपलं, कुठलं उरलं याचा हिशेब क्रियापदच ठेवतं. पर्यटकांना माहिती सांगणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब चोख ठेवावा असं मला मनापासून वाटतं. एक चुकलेला 'हॅज' ऐकून बाहेरच्या माणसाची समजूत होते की गावात लोक आजही राहतात.

दिवंगत माणसांबद्दलही हाच नियम आहे. 'दयानंद बांदोडकर वॉज द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ गोवा.' ते 1973 साली वारले, म्हणून त्यांच्या कामाबद्दल 'ही हॅज स्टार्टेड' वगैरे येत नाही, 'ही स्टार्टेड' येतं. स्वतःच्या जन्माबद्दल मात्र जिवंत माणसालाही 'आय वॉज बॉर्न' असंच म्हणावं लागतं. 'माझा जन्म वाळपईचा' या वाक्यात क्रियापदच नाही, म्हणून मुलं 'आय ॲम बॉर्न' लिहून मोकळी होतात.

सवयी सांगताना मराठीत तीन-चार वाटा आहेत: जात असे, जायचो, जाई, जात होतो. 'जाई', 'करी' ही रूपं तुम्ही शाळेत रीती भूतकाळ म्हणून शिकला असाल. इंग्रजीत यातलं बरंचसं काम साधा भूतकाळच करतो. 'एव्हरी चवथ, वी वेंट टू अवर एन्सेस्ट्रल हाउस अँड डेकोरेटेड द माटोळी.' (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट.) 'एव्हरी' आहे, म्हणून सवय कळते. 'वी वेअर गोइंग' लिहू नका. कोकणीतलं 'वतालों' सवय आणि चालू क्रिया दोन्हींना चालतं, म्हणून ही चूक आपल्याकडे जास्त होते. 'वॉज गोइंग' म्हणजे त्या क्षणी वाटेत होतो. 'यूज्ड टू गो' तेव्हा घ्यावं, जेव्हा 'आता ते राहिलं नाही' हे जाणवून द्यायचं असतं. नेमकी संख्या सांगायची असेल तर मात्र साधा भूतकाळच हवा: 'वी वेंट टू शिरगाव थ्री टाइम्स.' तिथे 'यूज्ड टू' चालत नाही, कारण तीनदा जाणं ही मोजलेली घटना आहे.

चालू भूतकाळाचा उल्लेख आलाच आहे तर गोष्ट सांगताना त्याची आणि साध्या भूतकाळाची वाटणी कशी असते ते पाहा. 'इट वॉज रेनिंग. पीपल वेअर वेटिंग फॉर द फेरी. अ मॅन स्लिप्ड अँड फेल इनटू द वॉटर.' पाऊस आणि वाट पाहणारी माणसं हा मागचा पडदा झाला. घसरला आणि पडला, ही घटना. पडदा 'वॉज'मध्ये, घटना साध्या भूतकाळात. मराठीत आपण रंगात आलो की मध्येच वर्तमानात उडी मारतो: 'तो पडतो, लोक ओरडतात, एक पोरगा उडी मारतो.' ऐकायला ते फार छान लागतं. इंग्रजीतही गप्पांमध्ये असं सांगतात, पण लेखी निवेदनात, तक्रारीत, अहवालात एकदा भूतकाळ धरला की तो सोडायचा नाही. पोलिसांना दिलेल्या जबाबात काळ बदलला तर घटना केव्हाची, हाच प्रश्न उभा राहतो.

तुमच्या नोंदीतलं 'एसी इज नॉट वर्किंग' हे 'वॉज' का झालं? मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो: 'ते म्हणाले की एसी चालत नाही.' इंग्रजीत 'सेड' आल्यावर मागचं क्रियापदही त्याच्याबरोबर पलीकडे सरकतं. 'ही सेड द एसी वॉज नॉट वर्किंग.' त्यावरून आत्ता एसी चालतो की नाही ते कळत नाही. पाहुण्याने काय सांगितलं, एवढंच कळतं. अजूनही बंदच आहे आणि पुढच्या पाळीने तातडीने बघायला हवं, असं सुचवायचं असेल तर 'ही सेड द एसी इजन्ट वर्किंग' हेही शुद्ध आहे. निवड तुमची, पण ती जाणून केलेली असावी. पाहुण्याची ईमेलही याच नियमाने चालते. 'वॉन्टेड' भूतकाळात गेलं, त्याने पुढच्या 'हॅव'ला ओढून 'हॅड' केलं.

मग मुळात 'वॉन्टेड' का? इथे अंतर काळाचं नाही, अदबीचं आहे. 'आय वॉन्ट टू आस्क' म्हटलं की मागणी समोरच्याच्या तोंडावर येते. 'आय वॉन्टेड टू आस्क' म्हटलं की ती थोडी मागे सरकते, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'सर, एक विचारायचं होतं' असं आपणही म्हणतोच, आणि तेव्हा विचारायचं आत्ताच असतं. हॉटेलच्या कामात ही रूपं सोन्याच्या मोलाची आहेत. 'व्हॉट डू यू वॉन्ट?' हे इंग्रज कानाला जवळजवळ दरडावल्यासारखं ऐकू येतं. 'डिड यू वॉन्ट अ रूम फेसिंग द सी?', 'हाउ मेनी नाइट्स डिड यू वॉन्ट टू स्टे?' असं म्हटलं की तोच प्रश्न मऊ होतो. 'आय वॉज वंडरिंग', 'आय वॉज होपिंग' ही त्याच घरातली. 'कॅन'चं 'कुड' आणि 'विल'चं 'वुड' होतं तेही यासाठीच. मात्र उत्तर देताना मागे सरकायचं नसतं. 'कुड यू सेंड अप सम टॉवेल्स?' याला 'येस, आय कुड' म्हटलं तर पाहुण्याला वाटेल की आता एखादी अट येणार. 'सर्टनली' किंवा 'येस, ऑफ कोर्स' म्हणा.

तिसरं अंतर वास्तवापासूनचं. जे नाही, पण असतं तर, अशा गोष्टींसाठी इंग्रजी साधा भूतकाळ वापरते. 'इफ आय हॅड अ कार, आय वुड गो टू काणकोण टुडे.' आज गाडी नाही, म्हणून 'हॅड'. 'आय विश आय न्यू कोंकणी.' येत नाही, म्हणून 'न्यू'. 'इट इज टाइम वी लेफ्ट.' अजून निघालेलो नाही, म्हणून 'लेफ्ट'. 'आय वुड रादर यू केम आफ्टर लंच.' अजून आलेला नाहीस, म्हणून 'केम'. या सगळ्यांत भूतकाळाचा लवलेश नाही. 'बी'चं रूप इथे सर्व पुरुषांना 'वेअर' घ्यावं, म्हणजे 'इफ आय वेअर यू'. बोलताना 'वॉज'ही ऐकू येतं, पण परीक्षेत आणि पत्रात 'वेअर' लिहा.

मराठीशी इथे अगदी उलटसुलट गाठ पडते, म्हणून थोडं थांबून बघा. 'पाऊस आला तर सामना रद्द होईल.' पाऊस खरोखर येऊ शकतो, तरी मराठीत रूप भूतकाळाचं आहे, 'आला'. इंग्रजीत खऱ्या शक्यतेला वर्तमान लागतो: 'इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.' 'इफ इट रेन्ड' म्हटलं की तुम्ही पाऊस जवळजवळ अशक्य कोटीत ढकलता. जुलै महिन्यात गोव्यात असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. उलट 'माझ्याकडे गाडी असती तर' या संकेतार्थी वाक्यात मराठी 'ता'चं रूप घेते आणि इंग्रजी भूतकाळ. जिथे आपण भूतकाळ वापरतो तिथे इंग्रजी वापरत नाही, आणि ती वापरते तिथे आपण वापरत नाही.

शिवाय 'गाडी असती तर गेलो असतो' हे मराठी वाक्य आजच्या दिवसालाही चालतं आणि गेल्या वर्षालाही. इंग्रजी इथे एकेक पायरी मागे जाते. आजच्यासाठी 'इफ आय हॅड अ कार, आय वुड गो'. गेल्या वर्षीच्या संधीसाठी 'इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव गॉन'. कल्पनेचं अंतर दाखवायला एक भूतकाळ आधीच खर्च झालेला असतो, म्हणून काळाचं अंतर दाखवायला 'हॅड'ची आणखी एक पायरी घ्यावी लागते. 'हॅड हॅड' ही छपाईची चूक नव्हे.

नकार आणि प्रश्न यांबद्दल थोडक्यात. 'डिड' आला की भूतकाळाचं काम त्याने उचललं. मुख्य क्रियापद मग मूळ रूपात: 'आय डिडन्ट गो', 'डिड ही पे?' 'डिडन्ट वेंट' आणि 'डिड ही पेड' यांत एकच काम दोघांना दिलं जातं. 'हू' हाच कर्ता असेल तर 'डिड' लागत नाही: 'हू कॉल्ड?' 'वॉज' आणि 'वेअर' स्वतःच पुढे येऊन प्रश्न करतात. आणि नुसत्या होकारात 'डिड' घातला तर तो ठासून सांगण्यासाठी असतो. पाहुणा म्हणाला की कोणीच इलेक्ट्रिशियनला कळवलं नाही, तर 'सर, आय डिड कॉल हिम' हे आवाज न चढवता दिलेलं ठाम उत्तर आहे.

शेवटी उच्चार, कारण तुमचं काम बोलण्याचं आहे. 'ईडी' हा शेवट लिहायला एकच, पण उच्चार तीन. 'वॉश', 'वॉक', 'चेक' अशा न घुमणाऱ्या आवाजानंतर तो 'ट' होतो: वॉश्ट, वॉक्ट, चेक्ट. 'क्लीन', 'कॉल', 'प्ले' यांच्यानंतर 'ड': क्लीन्ड, कॉल्ड, प्लेड. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: वॉन्टिड, नीडिड. आपल्याकडे स्पेलिंग बघून 'वॉशेड', 'चेकेड' म्हणायची सवय आहे, आणि ती सुटायला फक्त मोठ्याने वाचण्याचा सराव लागतो. देवनागरीत तिन्ही आवाज वेगळे लिहिता येतात, तेव्हा सुरुवातीला वहीत क्रियापदाशेजारी उच्चार देवनागरीतच लिहून ठेवा. 'रीड'चं भूतकाळातलं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार 'रेड' होतो. 'पुट', 'कट', 'हिट' यांचं तर काहीच बदलत नाही. 'शी पुट द की ऑन द काउंटर' या वाक्यात 'पुट'च्या शेवटी 'स' नाही, एवढ्यावरूनच कळतं की ही गोष्ट होऊन गेली आहे. रोजची असती तर 'पुट्स' आलं असतं.